हातात काय आलंय ते हातच सांगतात

मागच्या अंकात पोकरचे साधे नियम दिले होते, दोन पानं आपली झाकलेली, मधे पाच पानं सगळ्यांची उघडी, सातातली चांगली पाच धरायची, आणि शेवटी लिहिलं होतं की काही अडलं तर कळवा. पावसाची झड लागलेली, पंचगंगेचं पाणी चढलेलं, निम्मं कोल्हापूर घरात पत्ते कुटत बसलेलं, त्यामुळं पत्रं भरपूर आली. बहुतेकांचं दुखणं एकच निघालं, की आपल्या हातातली पानं समोरच्याला कळतायत. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न मागं ठेवलेत आणि एवढंच घेतलंय. नवख्यांसाठी एवढं सांगतो, पॅक म्हणजे डाव सोडणं, कॉल म्हणजे समोरच्यानं लावले तेवढेच लावणं, रेझ म्हणजे त्याहून वाढवून लावणं, आणि ब्लफ म्हणजे पान नसताना असल्यासारखं लावणं.

काका, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शिवाजी पेठेत आम्ही पाच-सहा मित्र शनिवारी रात्री चिंचोके लावून पोकर खेळतो. मला चांगलं पान आलं की सगळे पटापट पॅक करतात आणि ब्लफ मारला की कोणतरी हमखास कॉल करतंय. आरशासमोर बसून चेहरा गप्प ठेवायची प्रॅक्टिस पण केली, काय फरक नाही. काय चुकतंय?

पोरा, आरसा पहिला बाजूला ठेव. चेहरा गप्प ठेवणं हे सगळेच शिकतात आणि सगळे तिथंच थांबतात, पण हात काय करतायत ते कोण बघतच नाही. २०१३ साली सायकॉलॉजिकल सायन्स नावाच्या नियतकालिकात यावर एक अभ्यास आला होता. मायकल स्लेपियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००९ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या मोठ्या स्पर्धेतले खेळाडू चिप्स (म्हणजे तुमचे चिंचोके) लावतानाचे छोटे छोटे व्हिडिओ काढले आणि साध्या कॉलेजच्या पोरांना दाखवले, काहींना नुसता चेहरा, काहींना नुसते हात. चेहरा बघून अंदाज बांधणाऱ्यांचं काहीच जमलं नाही. ज्यांनी नुसते हात बघितले त्यांचा अंदाज मात्र नशिबापेक्षा चांगला लागला, म्हणजे पान चांगलं असलं की माणूस चिप्स जास्त सफाईनं, न अडखळता पुढं सरकवतो. आता हे मोठमोठे खेळाडू, त्यांचं असं होत असेल तर तुमच्या शनिवारच्या बैठकीत काय होत असेल बघ.

तू कोल्हापूरचा, तुला कुस्तीवरून लगेच कळेल. खासबागेच्या मैदानात कधी खडाखडी, म्हणजे कुस्तीच्या सुरुवातीची उभ्यानं चाचपणी, नीट बघितलीस का? चांगला पैलवान एकेरी पट काढून पाय ओढणार असो नाहीतर ढाक मारणार असो, हात तसेच देतो, पाय तसेच टाकतो, आणि नजर पटाच्या जागी जाऊ देत नाही. तो काही लपवत बसलेला नसतो, त्याचं सगळं प्रत्येक वेळी एकसारखं असतं म्हणून समोरच्याला धरायला काही सापडत नाही. पत्त्यात माझं सांगणं एवढंच आहे, लपवायच्या नादाला लागू नको, दर डावाला एकसारखं वाग. चेहरा दगडासारखा करायला गेलास तर तो दगड नेमका कधी होतो तेच मित्र बघून ठेवतात.

म्हणजे करायचं काय. पानं वाटली की लगेच उचलून बघू नको, तुझी पाळी येईस्तोवर ती तशीच पडू देत, तेवढा वेळ बाकीचे पानं बघताना काय करतात ते बघ, कारण जे तू अजून बघितलंच नाहीस ते तुझ्या तोंडावर येणार कुठून? पाळी आली की एकदा बघायचं, पान आणि रंग दोन्ही डोक्यात पक्कं करायचं, मनात तीन आकडे मोजायचे आणि मग काय ते करायचं, एक्क्यांची जोडी असो नाहीतर दुर्री-सत्ती. चिंचोके कायम एकाच हातानं, एकाच चालीनं पुढं. तोंडानं फक्त आकडा.

रंग डोक्यात ठेव म्हटलं त्याला कारण आहे. मधली पहिली तीन पानं उघडली आणि तिन्ही बदाम निघाली, की कोणतरी आपली पानं परत उचलून बघतंय, हे प्रत्येक टेबलावर होतं. तो काय बघतोय? राजा आणि नव्वी आहे एवढं त्याला आठवतंय पण त्यातलं बदाम कुठलं ते आठवत नाही. दोन्ही बदाम असती तर ते तो विसरला नसता. म्हणजे त्यानं आपण होऊनच सांगितलं की कलर, म्हणजे एकाच रंगाची पाच पानं, बहुतेक झालेला नाही, फार तर एक बदाम आहे. हे एवढं एक जरी पाठ केलंस तरी पुढच्या शनिवारी दोन-तीन डाव वाचतील.

हात थरथरण्याबद्दल पण लिहितो, कारण यात बहुतेक जण उलटं समजतात. नवख्या खेळाडूचा हात चिंचोके लावताना एकदम थरथरायला लागला की लोक म्हणतात घाबरलाय, ब्लफ आहे, आणि कॉल करून मरतात. बऱ्याचदा ती मोठं पान लागल्याची थरथर असते. ब्लफ मारणारा उलट आखडतो, श्वास धरतो, कमी हलतो. पण एखाद्याचा हात मुळातच कापत असतो, म्हणून आधी तो माणूस इतर वेळी कसा असतो ते बघून ठेवायचं, त्याशिवाय अंदाज बांधायचा नाही.

आणि आता जे मला सगळ्यात जास्त वाटतं ते. तुझं पत्र वाचून मला शंका आहे की तुझा चेहरा पण नाही, हात पण नाही, तुझा आकडाच बोलतोय. चांगली जोडी आली की तू २० चिंचोके लावत असशील आणि बाकी वेळी ५ किंवा ६. पाच-सहा शनिवार एकत्र खेळलेल्या मित्रांना यापेक्षा वेगळं काय लागतंय? दोन पानांत जोडी येते सरासरी १७ डावांत एकदा, एक्क्यांचीच जोडी तर २२१ डावांत एकदा, आणि तेवढ्या वेळी तू ओरडून सांगणार असशील तर ते पॅकच करणार की. सुरुवातीची रेझ ठरवून टाक, मोठ्या ब्लाइंडच्या (पानं बघायच्या आधी सक्तीनं लावायचे ते चिंचोके) तिप्पट, पान कुठलंही असो तिप्पटच. खेळायचं नसलं तर सोड, पण खेळलास तर आकडा तोच. मोबाईल टेबलाच्या कडेला लावून मित्रांना सांगून एक तासभर स्वतःचा व्हिडिओ काढ आणि दुसऱ्या दिवशी बघ, माझ्या दहा पत्रांपेक्षा त्यातून जास्त कळेल.

भाऊ, राजारामपुरीतून लिहितोय. आमच्यात गणपतीत आणि पावसाळ्यात सगळं घर खेळतंय, मी यंदाच शिकलो. माझे दीर खेळताना सारखं बोलत असतात, "वहिनी, एक्का हाय न्हवं तुमच्याकडं?", "बघा हं, माझं कलर झालंय". मला खोटं बोलायला जमत नाही आणि गप्प बसलं तर म्हणतात, गप्प बसला म्हणजे आहेच. असं खोटं बोलणं चीटिंग नाही का?

ताई, आधी चीटिंगचं. स्वतःच्या पानांबद्दल खोटं बोलणं घरच्या पोकरमधे चीटिंग धरत नाहीत (स्पर्धांचे नियम जास्त कडक असतात, ते पुढं येतंच), ब्लफ हा खेळाचा भागच आहे, मग तो चिंचोक्यांनी मारा की तोंडानं. २००६ साली लास वेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत ८,७७३ खेळाडू होते आणि जिंकला तो जेमी गोल्ड, सगळी स्पर्धा तो टेबलावर बोलतच होता. त्याच्याशी खेळणाऱ्यांची पंचाईत अशी की तो कित्येकदा खरंच सांगायचा, माझ्याकडं चांगलं पान आहे, सोडून दे, आणि पान खरंच चांगलं असायचं, मग पुढच्या वेळी तेच वाक्य ऐकून काय करायचं ते कुणाला कळायचं नाही. शेवटच्या डावात त्याच्याकडं राणी-नव्वी, समोरच्याकडं दश्शीची जोडी, मधे राणी आली, समोरच्यानं सगळ्या चिप्स आत टाकल्या आणि गोल्ड १ कोटी २० लाख डॉलर घेऊन गेला.

पण तुम्ही हे करायला जाऊ नका. तुम्हाला जमत नाही म्हणताय ते मी कमीपणा म्हणून घेत नाही, पोकरमधे बोलायची सक्ती कुणावरच नाही. तुमचे दीर विचारतात तेव्हा त्यांना उत्तर नकोच असतं बघा. एक्का आहे की नाही ते तुम्ही सांगणार नाही हे त्यांना पण माहितीय, त्यांना तुमचा आवाज ऐकायचा असतो, उत्तर द्यायला किती वेळ लागला, हसू आलं की गिळलं, पानांकडं नजर गेली का. म्हणून एक वाक्य ठरवून ठेवा आणि कायम तेच म्हणा, "बघायचं असेल तर चिंचोके टाका भावजी". एक्का असला तरी तेच, दुर्री-तिर्री असली तरी तेच, आणि त्यांनी विचारलं नाही तर काहीच नाही. गप्प बसला म्हणजे आहे असं ते म्हणतात कारण तुम्ही कधी गप्प बसता आणि कधी बोलता. रोज गप्प राहिलात तर त्या गप्प बसण्याला अर्थच उरत नाही.

आता त्यांच्या बोलण्याचं. हे ऐकून तुम्हाला बरं वाटेल, जो सारखा बोलतो तोच सगळ्यात जास्त सांगून जातो. साधा ठोकताळा असा की माणूस मुद्दाम जे दाखवतो त्याच्या उलटं असतं. उसासा टाकून, तोंड वाकडं करून, "काय करायचं, टाकू या आता" असं म्हणत जो रेझ करतो त्याच्याकडं बहुतेक वेळा मोठं पान असतं. डोळ्यांत डोळे घालून दरडावून बघतो तो तुम्ही कॉल करू नये म्हणून बघत असतो. आणि जे बोलणं सैल असतं, मधेच कांद्याच्या भज्यांवर जातं, परत येतं, ते बऱ्याचदा निवांत माणसाचं असतं, ब्लफ मारलेल्याला इतकं सैल बोलणं जड जातं. पण हे सगळं पुस्तकी झालं, तुमचे दीर वेगळे असू शकतात. एका वहीत लिहून ठेवा, दर वेळी पानं उघडली की ते आधी काय बोलले होते आणि काय निघालं. पंधरा-वीस डाव झाले की तुम्हीच मला कळवा.

एका गोष्टीत मात्र मी कडक आहे. शेवटी पानं दाखवायच्या वेळी "माझं कलर" म्हणायचं, समोरच्यानं ते ऐकून आपली पानं टाकून द्यायची आणि मग कळायचं की कलर नव्हताच, हे ब्लफमधे बसत नाही, हे घरात चालूच द्यायचं नाही. तुम्ही पण डोळ्यानं बघितल्याशिवाय आपली पानं टाकू नका, कोण काहीही म्हणो. आणि आपल्या पाळीला तोंडानं "कॉल" किंवा "रेझ" म्हटलं की ते पक्कं, मग नाही नाही म्हणता येत नाही. चिंचोके पण एकदाच पुढं करायचे, थोडे टाकून समोरच्याचं तोंड बघायचं आणि मग अजून थोडे, हे पण चालत नाही.

मी कागलचा निवृत्त शिक्षक. आमच्या ग्रुपमधला एक जण पॅक केल्यावर मोठ्यानं सांगतो, "अरेरे, मी राजा टाकला!" मला हे बरोबर वाटत नाही. बाकीचे म्हणतात, त्यानं डाव सोडलाय, त्याला काय बंधन?

सर, तुमचं बरोबर आहे आणि बाकीच्यांचं पूर्ण चूक. बंधन त्यालाच जास्त आहे, कारण त्याचं आता काहीच पणाला लागलेलं नाही आणि नुकसान दुसऱ्याचं होतंय. समजा मधे दोन राजे उघडे आहेत, म्हणजे बाहेर उरले दोन. मी रेझ करून माझ्याकडं राजा असल्याचा आव आणतोय. त्याच क्षणी हा बोलला की एक राजा त्यानं टाकला, मग उरला एकच, आणि माझ्याकडं तो असायची शक्यता आधीच्या जवळपास निम्मी झाली, समोरचा कॉल करणार. माझा डाव माझ्या चुकीनं नाही, तिसऱ्याच्या तोंडानं गेला. टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन या स्पर्धा चालवणाऱ्यांच्या संघटनेच्या नियमांत हे सरळ लिहिलंय, चालू डाव संपेपर्यंत आपली पानं सांगायची नाहीत, टाकलेली पण नाहीत, दुसऱ्याला सल्ला द्यायचा नाही, एका हातातली पानं एकाच खेळाडूनं खेळायची. आपल्याकडं मेंढीकोटात जोडीदाराला भुवई उडवून खूण केली तर घरात केवढं भांडण होतं, तोच न्याय इथं पण.

नुसता "अरेरे" सुद्धा त्यातच येतो सर. मधे पान उघडलं आणि पॅक केलेल्यानं कपाळावर हात मारला की सगळ्यांना कळलं त्यानं काय टाकलं होतं. त्याला एकट्याला बाजूला घेऊन सांगा, चारचौघांत नको.

गडहिंग्लजहून : चष्म्यात पानं दिसतात का हो?

दिसतात, मागं ट्यूबलाइट असेल आणि पानं तोंडासमोर उचलून धरलीत तर. आपल्याला रमीची सवय, तेरा पानं पंख्यासारखी उभी धरायची, पण इथं दोनच आहेत. ती टेबलावरून उचलूच नका, दोन्ही तळव्यांची ओंजळ पालथी करून झाका आणि अंगठ्यानं कोपरा थोडा वर करून बघा. सतरंजीवर बसून खेळत असाल तर पानाखाली एखादी पाटी किंवा ताट घ्या नाहीतर वाकावं लागतं आणि मग शेजाऱ्याला दिसतं. मागं उभं राहून बघणाऱ्यांना बसवा. लहान पोरं मागून पान बघून हसतात, त्यांचा काही दोष नाही, पण डाव जातो.

इचलकरंजीतून : मी तीन पत्तीत तरबेज आहे, पोकर नवीन. ब्लफ किती वेळा मारायचा याचा काही हिशोब असतो का? आणि दर वेळी मी ठरवून मारला की पकडतातच.

हिशोब आहे आणि तो सोपा आहे. मधे ४० चिंचोके पडलेत, तुम्ही २० लावून ब्लफ मारला. फसला तर २० गेले, चालला तर ४० आले. म्हणजे तीनपैकी एकदा चालला तरी तुम्ही बरोबरीत. ४० लावले तर मात्र दोनपैकी एकदा चालायला पाहिजे. ही तुमची बाजू झाली. समोरच्याच्या बाजूनं बघा, तुम्ही शेवटी ४० लावले की त्याला ४० टाकून ८० मिळवायचेत, मग तुमच्या अशा तीन बाज्यांत दोन खऱ्या आणि एक ब्लफ असेल तर त्यानं कॉल केला काय आणि पॅक केलं काय, त्याला सारखंच. त्यापेक्षा जास्त ब्लफ मारलेत तर तो कॉल करत सुटेल आणि कमी मारलेत तर कधीच करणार नाही.

हा विचार जुना आहे. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञानं १९२८ साली खेळांच्या गणितावर निबंध लिहिला आणि पुढं १९४४ मधे मॉर्गेनस्टर्नबरोबरच्या ग्रंथात पोकरचा एक साधा नमुना मांडून दाखवलं की मोठी बाजी सगळ्यात चांगल्या पानांवर लावायची आणि सगळ्यात वाईट पानांवर लावायची, मधल्या पानांवर नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दोन दिवस डोक्यातून जात नव्हतं. मधलं पान उघडून दाखवल्यावर कधीकधी जिंकतं, ते ब्लफमधे घालवायचं कशाला? जे पान दाखवून कधीच जिंकणार नाही तेच ब्लफला वापरायचं.

तुम्ही ठरवून मारता म्हणून पकडतात, कारण ठरवताना तुमची मनःस्थिती दिसते, दोन डाव हरलात की मारताय, चहा आला की सोडताय. ठरवायचं काम घड्याळाला द्या. दाखवून जिंकणार नाही असं पान आलं आणि सेकंद काटा बारा ते चारच्या मधे असला तर मारा, नाहीतर सोडा, म्हणजे तीनात एकदा झालं आणि त्यात तुमचा राग-लोभ आला नाही. फक्त घड्याळ प्रत्येक डावाला बघा, नाहीतर घड्याळ बघितलं की ब्लफ एवढं समजायला कुणाला वेळ लागत नाही.

तुम्ही तीन पत्तीवाले, तुम्हाला एक गोष्ट इतरांपेक्षा चांगली माहितीय. ब्लाइंड खेळणाऱ्याचा चेहरा कोण वाचू शकत नाही कारण त्यालाच पान माहीत नाही, आणि पानं बघितली की चाल निदान दुप्पट द्यावी लागते, म्हणजे बघण्याची पण किंमत आहे. पोकरमधे न बघता खेळलं म्हणून कमी लावायची सवलत नाही, पण वर त्या पोराला सांगितलं ते पाळी येईपर्यंत पानं न बघणं हे त्याच जातीचं आहे.

एकानं नाव-गाव न लिहिता विचारलंय, मोबाईलवर पैसे लावून खेळून सराव केला तर?

नको. २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणलीय, कौशल्याचा खेळ असो की नशिबाचा. आणि मोबाईलवर समोर माणूसच नाही, त्याचे हात नाहीत, आवाज नाही, मग आज ज्यावर एवढं लिहिलं त्याचा सराव तिथं होणार कसा? पैशाच्या नादानं मी माझ्या जवळच्या घरात जे बघितलंय ते इथं लिहिणार नाही, पण तुम्ही नाव लिहिलं नाहीत म्हणून काळजी वाटली. चिंचोके घ्या, चार माणसं बोलवा.

शेवटचा, परत शिवाजी पेठेतूनच, दुसऱ्या वाचकाचा : सगळ्यांनी पॅक केलं आणि मी जिंकलो, तर पानं दाखवायला लागतात का? मित्र फार मागं लागतात.

लागत नाहीत. ती बघायची किंमत कॉल होती, ती त्यांनी दिली नाही. न दाखवता गड्डीत सरकवायची आणि पिसायला द्यायची. तुला दाखवावीशी वाटली तरी शेजाऱ्याला एकट्याला दाखवू नको, एकाला दाखवली की सगळ्यांना दाखवावी लागतात, हा सगळीकडचा नियम आहे. आणि सुरुवातीला सहा महिने तरी काहीच दाखवू नको, चांगलं पान पण नाही आणि ब्लफ तर अजिबातच नाही.